देवकिट

यंत्रयुगात देवाची जागा हळूहळू विज्ञान घेत आहे, असं विचारवंत गंभीरपणे सांगतात. चंद्रपूरच्या आमच्या खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयात मात्र देव संगणक विभागाच्या खर्चानेच आला, तोही कुरियरने, थर्माकोलमध्ये गुंडाळून.

वस्तू तशी साधी होती. हातात धरून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, पण दुकानात मिळतं ते नव्हे. खेळ बनवणाऱ्यांसाठी कंपनी वेगळं काढते, ते. अंगाने जरा जाड, आणि संगणकाला जोडायला एक भोक जास्त. आत एकही खेळ नसतो. आपण बनवलेला खेळ त्यात घालायचा आणि खऱ्या बटणांवर तो चालतो की कोलमडतो ते पाहायचं, एवढंच त्याचं काम. त्या धंद्यात याला ‘डेव्हलपर किट’, थोडक्यात ‘डेव्ह किट’ म्हणतात.

प्राचार्यांनी हा शब्द संस्थेच्या सचिवांसमोर उच्चारला. मी ग्रंथपाल, पुस्तकांच्या खरेदीवर सही घ्यायला तिथेच उभी होते.

“देव किट?” सचिव खुर्चीत सरळ झाले. “मंग पूजा झाल्याबिगर कोनी हात नाई लावाचा.”

प्राचार्य डॉक्टरेट आहेत. ते म्हणाले, “अर्थातच, भाऊ.”

दुसऱ्या दिवशी कुणीतरी सचिवांना खरा अर्थ सांगितला म्हणे. पण तोवर ‘देवकिट लोकार्पण सोहळा’ असा फ्लेक्स छापून झाला होता, आणि छापलेली चूक आमच्याकडे धोरण ठरते. फ्लेक्सवर सचिव, प्राचार्य, प्रमुख पाहुणे आणि पाहुण्यांचे पाहुणे होते. यंत्र खालच्या कोपऱ्यात होतं, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पुतणे असतात तसं.

चालू एसी फक्त ग्रंथालयात, म्हणून देव माझ्याकडे बसला. करंडकांचं काचेचं कपाट रिकामं झालं. किल्ली सचिवांकडे गेली. दारात पाटी लागली, ‘चपला बाहेर काढाव्यात’. ग्रंथालयात अनवाणी येणाऱ्यांची संख्या वाढली. वाचणाऱ्यांची वाढल्याचं आठवत नाही. प्राचार्य जाता-येता काचेसमोर क्षणभर थांबत. हात जोडत नसत, पण खिशातून बाहेर काढत.

पाहुणे मोठे होते, म्हणजे वेळ न देणारे होते. तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे.

यात अडकली शेवटच्या वर्षाची एक मुलगी, पोंभुर्ण्याकडची. तिने एक खेळ बनवला होता. पहाटे मोहफुलं वेचायची, टोपली भरायची, आणि त्याच फुलांवर हक्क सांगणारं अस्वल झाडाखाली यायच्या आत घर गाठायचं. हैदराबादच्या एका स्टुडिओने तिला कळवलं होतं, खऱ्या यंत्रावर चालवून महिनाअखेरपर्यंत पाठव, मगच मुलाखत. आणि खरं यंत्र हार घालून कुलपात होतं.

तिने रीतसर अर्ज केला. प्राचार्यांनी त्यावर ‘लोकार्पणानंतर विचार व्हावा’ असा शेरा मारला. लोकार्पण महिनाअखेरच्या पुढे गेलं होतं.

मग एकदा सचिव ग्रंथालयात कपाट पाहायला आले, तेव्हा ती पुढे झाली.

“भाऊ, एक विचारू? देवाले बसवलं, अन् पूजा नाई, दिवाबत्ती नाई. चालते का असं?”

सचिव गडबडले. “लोकार्पनाच्या दिवशी मोठी पूजा हाय ना.”

“अन् तोवर? धूळ बसून राह्यली पाहा. आमच्या गावात असा देव ठेवला त लोक नावं ठेवतेत.”

“मंग काय म्हन्तं?”

“रोज सकाळी पुसून-पासून सेवा करतो मी. किल्ली फक्त द्या.”

“सोवळं पाळशीन?”

“चपला त बाहेरच हायेत, भाऊ.”

सचिवांनी किल्ली दिली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, “पाहा मॅडम, आजकालच्या पोरींत असे संस्कार कुठी हायेत?” मी पुस्तकांवर शिक्के मारत राहिले.

रोज सकाळी सेवा होऊ लागली. उदबत्ती लागायची, देव बाहेर निघायचा, आणि त्याच्या पाठीत तार खुपसून ती बसायची. लॅपटॉपवर सुरळीत चालणारा खेळ यंत्रावर रडत होता. फुलं पडायला लागली की सगळंच मंदावायचं. अस्वल इतकं सावकाश यायचं की त्याची दया यावी. तिने फुलं कमी केली. अस्वल धावलं. तरी टोपली भरताना एकदा पडदा गोठलाच. पुन्हा सेवा. महिना संपायच्या आत खेळ हैदराबादला गेला.

आपला खेळ यंत्रातून पुसून तिने किल्ली परत केली आणि बल्लारशाहून गाडी धरून मुलाखतीला गेली. त्याच दिवशी पाहुण्यांना अखेर वेळ मिळाला.

नारळ फुटला. पाहुण्यांनी बटण दाबलं. पडदा उजळला, त्यावर एकही खेळ नव्हता. पाहुण्यांनी प्राचार्यांकडे पाहिलं, प्राचार्यांनी संगणक विभागप्रमुखांकडे, आणि विभागप्रमुखांनी छताकडे.

“निर्गुण, निराकार,” प्राचार्य म्हणाले. टाळ्या पडल्या.

तिला नोकरी लागली. परवा फोन आला होता. मी विचारलं, तिथेही तसलं यंत्र आहे का? म्हणाली, “लय हायेत मॅडम. एक बिघडलेलं हाय, त्याच्यावर आम्ही चहाचे कप ठेवतो.”