पंधरावं नाव

१७९६च्या अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत पेनसिल्व्हेनियात मताची छापील चिठ्ठी चालत नव्हती, हातानं लिहिलेलीच लागे. त्यात उमेदवार जेफरसनचं नाव लिहून भागत नसे. त्याला निवडणाऱ्या पंधरा माणसांची नावं लिहावी लागत. म्हणून विणकरीण कॅटरिना लाउबाखनं दोन दिवस माग बंद ठेवून गावासाठी चाळीस चिठ्ठ्या लिहिल्या. तिला स्वतःला मत नव्हतं. बाईचं मत नको म्हणणाऱ्यांना बाईचं अक्षर मात्र बरं चाललं!

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळीच पिंपं बनवणारा म्हातारा योस्ट चिठ्ठी घेऊन आला. त्याला अक्षरओळख नव्हती.

"बाई, यात जेफरसन कुठंय?"

"नाहीच, योस्टदादा. ही माणसं त्याला मत देतील."

"तू ओळखतेस त्यांना?"

"एकालाही नाही."

"वा! आणि अडाणी मी!"

पिंपाच्या फळ्या मोजाव्यात तसा त्यानं ओळींवरून अंगठा फिरवला. "पंधरा हव्यात ना? एक फळी कमी आहे. असलं पिंप गळतं."

"वाचता येत नाही आणि वर माझ्या चुका काढता?" कॅटरिना फणकारली. तरी तिनं मोजलं. चौदाच! पहिल्या चिठ्ठीत सातवं नाव सुटलं होतं, तिच्यावरूनच बाकीच्या उतरवलेल्या, आणि सगळ्या घरोघर पोचलेल्या.

तिनं दौत उचलली. संध्याकाळपर्यंत दोघं दारोदार फिरले. ती तळाशी सुटलेलं नाव लिहायची आणि योस्ट अंगठ्यानं मोजून सांगायचा, "आता गळत नाही."