आतोबांचं वल्हं

पाण्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय घोट न घेणारा माणूस सबंध सातारा-सांगलीत एकच होता, आणि तो नेमका आमच्या आत्याला मिळाला होता. आतोबा लढाईत जहाजावर होते. शेहेचाळीस साली घरी आले ते ट्रंकेसोबत एक मोडकं वल्हं घेऊन. मिरजेच्या स्टेशनवर हमालानं गंभीरपणे विचारलं, "नाव मागच्या गाडीनं येतीया व्हय?" आष्ट्याला आल्यावर आतोबांनी त्या वल्ह्याला तेल पाजून ओसरीवर मानाची जागा दिली. पातं पाण्यात बुडवायचं, दांडा कानामागच्या हाडाला लावायचा, की खालचे मासे बोलतात ते ऐकू येतं, ही रत्नागिरीच्या एका खलाशानं जहाजावर शिकवलेली विद्या. आतोबा ती विहिरीवर चालवत, पाटाच्या पाण्यात चालवत, आणि एकदा तर लग्नघरच्या हंड्यातही चालवली. विहीणबाईंनी सगळा हंडा ओतून दिला. आत्या वैतागून म्हणे, "आवं, आंघुळीच्या पाण्यात कुठलं आलं मासं?" आतोबा ओठांवर बोट ठेवत. तेव्हा त्यांचे डोळे असे काही स्थिर होत की थट्टा करणारेही गप्प बसत.

त्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. "रोज सांजच्याला जहाज थांबलं की ऐकायचो. खाली नुसता गलका, बाजार भरल्यागत. एक दिस पाणबुडी आली म्हनून हुकूम झाला. बारुदाची पिंपं पाण्यात ढकलली, म्या बी ढकलली. पाणबुडी नव्हती रं, देवमासा हुता. त्येच्या भवतीनं मासंच मासं, पांढरी पोटं वर. आमी हसत टोपल्या भरल्या. सांजला वल्हं लावलं, तर खाली कायबी न्हाई."

तो गलका परत आला का, एवढंच त्यांना मरायच्या आधी ऐकायचं होतं. म्हणून मी त्यांना मोटारीनं घाट उतरून रत्नागिरीला नेलं. एका बडबड्या होडीवाल्यानं आम्हाला समुद्रात आत नेलं. वारा पडला होता. आतोबांनी वल्हं बुडवून दांडा कानामागे टेकवला आणि डोळे मिटले. होडीला पाणी लागत होतं, पण त्याचाही आवाज येईना. मला भीती वाटू लागली.

"आतोबा, आला का गलका?"

"न्हाई." त्यांनी वल्हं अलगद वर काढलं. "खाली हायती समदी. पर गप हायती. आपुन काय करतोय ते ऐकत्यात."

मी हसायला गेलो, पण हसू फुटलं नाही. होडीवाल्यानंही बडबड थांबवली आणि होडी तशीच वाहू दिली.

पुढच्याच वर्षी आतोबा गेले. वल्हं आत्यानं मला दिलं. ते मी अजून पाण्यात बुडवलेलं नाही, धीर होत नाही. आतोबांची मात्र फार आठवण येते. विहिरीत घागर सोडताना मी दोर हळूच सोडतो, आणि ती बुडून पाणी शांत होईपर्यंत कुणाशी बोलत नाही.