सतरा आटे

माझा मामा चावीवाला. कुलपांचा नव्हे, पाण्याचा. छातीएवढी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो रस्त्यातली झाकणं उचलतो आणि खालचे व्हॉल्व्ह फिरवून गल्लीगल्लीला पाणी सोडतो. एक व्हॉल्व्ह उघडायचा म्हणजे चावीचे सतरा आटे फिरवायचे. मग चावीचं टोक कानाला लावून पाइपातलं पाणी ऐकायचं आणि पुढची गल्ली गाठायची.

या माणसाला स्वस्थ बसलेलं मी पाहिलेलं नाही. जेवतानाही नजर घड्याळावर. कुणाकडे पाहुणा गेला तर आधी न्हाणीघरातला नळ सोडून बघेल. मामी म्हणायची, "बसा की दोन मिनिटं, खुर्चीला काटे आहेत का?" पण बसणार कसा? तो नोकरीला लागला तेव्हा प्रत्येक गल्लीला दोन तास मिळायचे. पुढे बैठी घरं पडली, त्या जागी वीस-वीस मजले उभे राहिले, माणसांचा लोंढा आला. पाइप मात्र तोच. दोनाचा एक तास झाला, मग अर्धा, मग वीस मिनिटं. विहिरी बुजवून त्यावर गाड्या लावल्या, बोअरचं पाणी खारट झालं. आणि लोक शिव्या घालणार कुणाला, तर चावीवाल्याला! माझं डोकंच फिरायचं. इमारतींचे नकाशे मंजूर करणारे कधी झाकण उचलायला आले नाहीत.

मामाचं घर लाइनीच्या अगदी शेवटी. स्वतःच्या गल्लीला त्यानं कधी एक मिनिट जास्त दिलं नाही, यावरून मामीनं आयुष्यभर त्याचं डोकं खाल्लं. यंदा तर ती हट्टालाच पेटली. लेक दीड महिन्याच्या बाळाला घेऊन राहायला येणार होती आणि आठ दिवस नळाला थेंब नव्हता.

"बाळाचे कपडे कशात धुऊ? साऱ्या गावाला पाणी देता आणि घरी ठणठणाट!"

"सोडतो ना रोज," मामा नजर चुकवत म्हणाला.

"मग आज मीच बघते."

दुपारी ती त्याच्या मागोमाग निघाली, मीही गेलो. झाकण उघडताच तिनं चावी हिसकावून घेतली. लग्नानंतर एकदा हौसेनं फिरवायला गेली होती, तेव्हा तिच्यानं तसूभरही हलली नव्हती. आता भराभर फिरली.

"अगंबाई, इतकी हलकी?"

"आत पाण्याचा दाब असला की जड जाते," मामा म्हणाला. "अलीकडच्या गल्लीतला वीस मजली टॉवर सुरू झाल्यापासून इथवर काही पोचतच नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग रोज कशाला फिरवता?"

मामानं नुसतं गल्लीकडे बोट केलं. झाकणाचा आवाज ऐकून लोक बादल्या घेऊन दारात आले होते. "यांना कुठल्या तोंडानं सांगू?"

मामी ओरडली नाही, त्याचीच मला भीती वाटली. तिथंच एका पायरीवर बसून तिनं लेकीला फोन लावला. "एवढ्यात येऊ नकोस गं. इथं पाणी नाही."

मामानं फोन मागून घेतला. "पिल्लाचा आवाज ऐकव."

चावी लावायचा तसा त्यानं फोन कानाला घट्ट लावला, डोळे मिटले. पलीकडे बाळाची आंघोळ चालली होती. ते टाहो फोडत होतं आणि मागे नळ धो धो वाहत होता. मला शेजारी उभं राहूनही ऐकू येत होतं.



"जोर चांगला आहे," मामा म्हणाला. "तिथंच राहा, बाळा."