धक्क्यावरचा काळा पट्टा

संशयाला औषध नसतं म्हणतात, आणि माझ्यापुरतं ते खरं आहे. बाजारातून तोलून आणलेली वांगी मी घरी पुन्हा तोलतो. शाळेत कारकून होतो तेव्हा पोरांच्या आजारपणाच्या चिठ्ठ्या उजेडात धरून वाचायचो. अशा माणसाच्या भिंतीला भिंत लागून चंद्रभान पौनीकर राहत होता, हे त्याचं नशीब.

नागपूरच्या टिमकीत आमची घरं. चंद्रभान कोष्टी. घरातच माग होता, लुगडी विणायचा. हात सारखा चालायचा, तोंड क्वचित. दुपारी मागाची खटखट थांबली की तो ओट्यावर बसायचा, ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढायचा आणि सुताच्या गठ्ठ्याला गुंडाळून आलेल्या जाड कागदावर समुद्र काढायचा. दुसरं काहीच नाही. बंदर, दोरांनी बांधलेल्या बोटी, माल उचलणाऱ्या याऱ्या, दगडी धक्का. बोटानं घासून जहाजाचा धूर असा काढायचा की आपल्याला ठसका लागावा.

आता नागपुरात समुद्र कुठला? आमचं पाणी म्हणजे अंबाझरी, नाहीतर फुटाळा. विचारलं तर तो सांगायचा, "सतरा वर्षांचा होतो गा, पळून बंबईले गेलतो. गोदीत तीन वर्षं हमाली केली. बाप मेला तवा वापस आलो." त्याची बायको गोपिका नंतर लग्न होऊन आलेली, तिच्याकडेही त्याच्या शब्दापलीकडे पुरावा नव्हता. पण दहा वर्षांच्या वच्छलेचा बापावर पूर्ण विश्वास. 'माझ्या बाबानं जहाजं रिकामी केली' म्हणून ती वर्गभर मिरवायची. मला पटलं नव्हतं. मुंबईहून आलेला माणूस निदान एखादी पेटी तरी आणतो. हा हात हलवत आला होता.

शिवाय तो पट्टा. प्रत्येक चित्रात धक्क्याच्या भिंतीवर, पाण्याच्या लगेच वर, तो एक काळा पट्टा काढायचा. वरची कड अगदी सरळ. बोटींच्या मानानं पाहिलं तर एका चित्रात पट्टा वीतभर दिसायचा, दुसऱ्यात हातभर, तिसऱ्यात पुरुषभर. मी ओट्याजवळून जाता-येता मापून ठेवत होतो. चित्र तेच आणि पट्टा मात्र रोज वेगळा? माझ्या मनात पाल चुकचुकली.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली. काचांवर काळे कागद चिकटले आणि मोहल्ल्यातल्या स्वयंसेवकांत माझंही नाव लागलं. दंडावर पट्टी आली. संशयी माणसाच्या दंडाला सरकारी पट्टी बांधू नये, एवढं शहाणपण तेव्हा कुणाला सुचलं नाही. कराचीचं बंदर पेटल्याची बातमी रेडिओवर आली त्या दिवशीही चंद्रभान ओट्यावर बसून बंदरच काढत होता. तो पाणी प्यायला आत गेला, तशी मी वरचं एक चित्र उचललं आणि तडक ठाण्यात गेलो. म्हटलं, हा माणूस बंदरांचे नकाशे काढतो आणि त्या पट्ट्यांत काहीतरी खूण आहे.

तासाभरात त्याला चित्रांच्या गठ्ठ्यासकट आणलं. मागोमाग गोपिका आणि वच्छलाही आल्या आणि बाकावर बसल्या. साहेबांनी पट्ट्यावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"साहेब, ते पानी..." चंद्रभान बोलू लागला.

"म्हणजे बंदर तू पाहिलंयस. कधी पाहिलंस? कोणाबरोबर होतास? नावं सांग, चौकशी होईल. तोवर इथंच राहायचं."

वीस वर्षांपूर्वीच्या हमालांची नावं, आणि तीही कुठल्या कुठे पांगलेली. चंद्रभाननं बाकाकडे पाहिलं. वच्छला मान उंच करून बसली होती. आता बाबा गोदीचं सगळं सांगणार, असा तिचा चेहरा होता. तिच्यावरची नजर काढून तो साहेबांना म्हणाला, "नाही साहेब. मी समुद्र पाह्यलाच नाही. कॅलेंडर पाहून काढतो. तो पट्टा असाच, सावली म्हणून."

साहेब हसले. गठ्ठा ठेवून घेतला आणि त्याला सोडून दिलं. मी आणलेलं चित्र दाखवून परत खिशात घातलं होतं, ते तिथंच राहिलं.

मला काय वाटलं ते सांगतो. मला आनंद झाला. हेर नाही तर नाही, खोटारडा तर निघाला. दोन दिवसांत ते मी मोहल्लाभर केलं. शाळेत पोरी वच्छलेला चिडवू लागल्या. एका संध्याकाळी भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, "बाबा, तुमी बंबईले गेलेच नव्हते का?" उत्तराऐवजी मागाची खटखट सुरू झाली. भिंतीच्या अलीकडे मी बसलो आहे हे त्याला माहीत होतं. पुढे लढाई संपल्यावर आपण खरंच गोदीत होतो असं त्यानं तिला सांगून पाहिलं, हे गोपिकानं माझ्या बायकोला सांगितलं. पोर म्हणाली, "राहू द्या ना बाबा." त्यानंतर त्यानं पेन्सिल धरली नाही. दुपारी माग थांबला की नुसता ओट्यावर बसायचा.

आठ वर्षांनी बायकोच्या डोळ्यांसाठी मी मुंबईला गेलो. तिथं मेहुणा आम्हाला सकाळी लाँचनं पलीकडे रेवसला घेऊन गेला. भाऊच्या धक्क्यावर पायऱ्या उतरताना माझा पाय घसरला. खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या होत्या आणि भिंतीवर, पाण्याच्या वर पुरुषभर, ओला काळा पट्टा होता. वरची कड अगदी सरळ. संध्याकाळी परतलो तर पट्टा वीतभर उरला होता आणि त्या पायऱ्या पाण्यात गेल्या होत्या. मी खलाशाला विचारलं, "वर कुठं धरण सोडलं का?"

तो खो खो हसला. "भरती आहे काका."

भरती-ओहोटी हे शब्द मला पाठ होते. पण त्या शब्दांचा भिंतीवर काय रंग चढतो, ते कुठल्या पुस्तकात होतं? रोज उभं राहून पाहिल्याशिवाय तो पट्टा कुणी काढणार नाही, कॅलेंडरवाला तर नाहीच. चंद्रभाननं तीन वर्षं ते पाहिलं होतं आणि माझ्यामुळे ते नाकारलं होतं. मला तिथंच, त्या गर्दीत, रडू आलं. बायकोला वाटलं, खारं पाणी डोळ्यांत गेलं.

नागपूरला आल्यावर पेटीच्या तळाशी ठेवलेलं ते चित्र काढलं आणि पारशिवनीची एसटी धरली. वच्छला तिथं सासरी होती. अंगणात खाटेवर बसून मी तिला सगळं सांगितलं. कागद कुणी उचलला, तेही सांगितलं. ती चित्राकडे पाहत होती. मग म्हणाली, "काका, तुमी संशय घेतला त्याचं काही नाही. तुमी साऱ्यांवरच घेता. मी काहून घेतला?"

चित्र मी तिच्याकडेच ठेवून आलो.

पुढच्या रविवारी ती आली. चंद्रभान ओट्यावर बसला होता. मी माझ्या दारात उभा होतो आणि या वेळी लपलो नव्हतो. तिनं चित्र त्याच्या मांडीवर ठेवलं आणि पट्ट्यावर बोट टेकवलं. "बाबा, पानी कितीपर्यंत चढते?"

त्यानं आधी कागद पाहिला, मग तिला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही, ते बरोबरच होतं. गुडघ्यावर हात देऊन तो उठला, आमच्या दोन घरांमधल्या भिंतीपाशी गेला आणि डोक्याच्या वर, हात पोचेल तितक्या उंचीवर, पंजा टेकवला.

"इथवर येते," तो म्हणाला. "पेन्सिल आन."