रादिनचा डावा कान

नेरेत्वा नदीच्या वरच्या डोंगरात सीमा कागदावर नसे; ती मुलांच्या गालांवर असे. सीमेचा दगड रोवला की गावातल्या एखाद्या लहान पोराला तिथे उभे करून सणसणीत थप्पड द्यायची, म्हणजे ती जागा तो मरेपर्यंत विसरणार नाही. ब्रेस्ट गावच्या रादिनला ही थप्पड सहाव्या वर्षी बसली, बापाच्याच हातची. डावा कान कायमचा गेला. त्या बहिऱ्या कानाने म्हातारपणी त्याला मान मिळवून दिला: लग्नघरी मांसाचा पहिला तुकडा रादिनच्या ताटात पडे.

ओढ्याकाठच्या कुरणावरून ब्रेस्ट आणि खालचे डोल्यान यांच्यात वाद पेटला, तेव्हा तिथला दगड उरला नव्हता आणि डोल्यानचा असा थप्पड खाल्लेला साक्षीदार साथीत केव्हाच गेला होता. उरला रादिन. पण त्याची एकुलती लेक ल्युबावा डोल्यानलाच दिलेली, आणि तिच्या शेळ्या हिवाळाभर त्याच कुरणाच्या गवतावर जगत.

साक्षीच्या आदल्या दिवशी ती माहेरी आली.

“बा, खोटं बोल म्हणत नाही मी. आठवत नाही म्हण. म्हाताऱ्यांना नाहीच आठवत.”

“मला आठवतं. ओढ्यापलीकडं, बीचच्या झाडाखाली. कान दिलाय त्यापायी.”

“म्हणजे माझ्या शेळ्यांपेक्षा तुझा कान मोठा.”

“खरं मोठं, पोरी.”

दुसऱ्या दिवशी रादिनने साक्षीच्या रीतीप्रमाणे कमरपट्टा सोडला, पायताण काढले, डोक्यावर त्या कुरणाच्या मातीचे ढेकूळ घेतले आणि सरदाराच्या कारभाऱ्यासमोर शपथ घेऊन तो बीचच्या झाडापर्यंत अनवाणी चालत गेला. निवाड्यात एवढेच आहे की तो कुठेही अडखळला नाही. कुरण ब्रेस्टला मिळाले.

पुढचे निवाड्यात नाही. ते दोन्ही गावे सांगतात, आणि दोहोंपैकी कुणालाच त्यात भूषण वाटत नाही; म्हणूनच मी ते खरे धरतो.

संध्याकाळी ब्रेस्टमध्ये मेंढा कापला. रादिनचा थोरला भाऊ ह्रेल्या दारूच्या भरात त्याच्या चांगल्या कानाशी वाकला.

“रादिन्या, बाचा हात काय बसला होता रे! आणि दगड आदल्याच दिवशी हलवलेला. पहार मीच धरली होती.”

“कुठला दगड, दादा?”

“तुझाच की! आधी ओढ्याच्या अलीकडं होता. बा म्हणाला, हे पोरगं खोटं बोलणाऱ्यातलं नाही. त्याला खोटं नको शिकवू, जागाच शिकवू.”

पंगत खदखदून हसली. बहुतेकांना ते आधीपासून ठाऊक होते.

सकाळी रादिन कारभाऱ्याकडे गेला. कारभारी घोड्यावर खोगीर कसत होता. सगळे ऐकून घेऊन म्हणाला, “आजोबा, माती डोक्यावर आपण एकदाच घेतो. दुसऱ्या खेपेला ती लोक घालतात. घरी जा.”

ब्रेस्टच्या लग्नांत पहिला तुकडा रादिनलाच मिळत राहिला. थंडीच्या तोंडावर ल्युबावाने शेळ्या कापल्या. तो डोल्यानला उतरला तेव्हा ती अंगणात कातडी खरवडत होती.

“पोरी, मला फसवलं गं. बानंच.”

ती उठली, त्याच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली आणि बराच वेळ बोलत होती. त्याने मान वळवून उजवा कान पुढे केला. ती त्याला वळसा घालून पुन्हा डावीकडे गेली आणि राहिलेले बोलून टाकले.