शहागडला काढलेला फोटो

आमच्या घरात खेळण्यांपेक्षा चळवळीची पत्रकं जास्त होती. वडील ती वाटायचे, मी घड्या घालायचो आणि कॉलेजात गेल्यावर स्वतःच लिहायला लागलो. त्यामुळे मस्तगडातल्या एका स्टुडिओनं माझ्या धाकट्या बहिणीचा स्थळांना पाठवायचा फोटो गोरा करून दिला, तेव्हा मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं: सावळा चेहरा उजळणारा त्या बाईलाच पुसून टाकतो.

भोकरदनच्या स्थळाकडच्या लोकांनी तिचा फोटो मागितला होता. मी म्हणालो, "हा पाठवायचा न्हाई. मी तुझा स्लाइड फिल्मवर काढतो. तिच्यात नंतर काहीच बदलता येत न्हाई."

"बराबर मी दिसन ना, दादा?"

"बिलकुल."

माझ्या शब्दावर आईनं त्या लोकांना थांबवलं.

स्लाइड फिल्म धुतली की निगेटिव्ह निघत नाही, बोटभर चौकटीत सरळ रंगीत चित्रच निघतं. मी तोवर फोटोंचं काम फक्त डिजिटलवर केलेलं. मित्राचा जुना कॅमेरा घेतला आणि बहिणीला शहागडला गोदावरीच्या काठावर उभं केलं, भर दुपारी. मागं चमकतं पाणी, अंगावर पांढरी ओढणी. उजेडाचा अंदाज घ्यायला आधी माझ्या डिजिटलवर एक फोटो काढला. पाणी आणि ओढणी पांढरीफटक पडू नयेत एवढंच बघितलं. स्क्रीनवर तिचा चेहरा काळपट आला होता, पण त्यातली सावली घरी कॉम्प्युटरवर उचलायची, ही हाताची सवय. तेच आकडे फिल्मच्या कॅमेऱ्यावर लावले. फिल्मवरची सावली घरी जाऊन उचलता येत नाही, हे मीच चार दिवसांपूर्वी छाती काढून सांगितलं होतं.

मुंबईहून धुऊन आलेली डबी तिनंच उघडली. एक स्लाइड खिडकीशी धरली. गोदावरी झळाळत होती, ओढणीची चुणी न चुणी दिसत होती. चेहऱ्याच्या जागी काळा डाग आणि त्याच्या दोन बाजूंना कानातले.

"स्टुडिओवाल्यानं गोरी केल्ती, तू तर गायबच केलं की मला!" ती हसली. आई हसली नाही. बाकीच्या स्लाइडही तशाच होत्या.

"ह्या फिल्मला सावली झेपत न्हाई," मी म्हणालो. दोष फिल्मचा.

"मंग तू आधी काढलेले दाखव. कॉम्प्युटरवरचे."

मी दाखवले. सगळ्यांत ती छान दिसत होती. स्क्रीनवर प्रत्येक फोटोशेजारची सावल्यांची पट्टी उजवीकडे सरकवलेली होती. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"हे काय करून राह्यला तू?"

"सावली उचलली थोडी."

"म्हंजे उजळलं."

तिनं सांगितलं म्हणून मी एकेक पट्टी शून्यावर आणली. एकेक चेहरा अंधारात गेला. मागचं आभाळ, भिंत, गच्चीवरचे कपडे, सगळं नेमकं होतं. इतक्या वर्षांत तिच्या चेहऱ्यावरचा उजेड मी एकदाही मोजला नव्हता. पत्रकांचा गठ्ठा टेबलावरच होता. तिनं त्यातलं एखादं वाचून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. तिनं तिकडं बघितलंही नाही.

"आत्ता काढतो. चेहऱ्यावर उजेड मोजून."

"राहू दे, दादा. सकाळी फोन येऊन गेला त्यांचा." तिनं आईच्या मोबाइलवरून स्टुडिओतला फोटो पाठवला. "खोटा हाये. पण ह्याच्यात मी हाये तरी."

फोटो पोचल्याची खूण उमटेपर्यंत आई मोबाइल हातात धरून बसली. मी गठ्ठ्याकडे पाठ करून उभा होतो.