वीरायीची नऊ माणसं

तीन नंबरच्या विभागात वीरायीला ओळखत नाही असं माणूस सापडलं नसतं. श्रीलंकेतल्या डोंगरउतारावर चहाचा मळा, मळ्याच्या मधोमध चार चाळी, एकेका चाळीत पंधरा खोल्या. आणि या साठ घरांत काहीही झालं तरी पहिली हाक वीरायीलाच जायची. बाळंतीण अडली की तिला, नवराबायकोचं वाजलं की तिला, कुणाचं प्रेत शहरातून आणायचं असलं की लॉरीवाल्याशी बोलायलाही तिलाच. तिच्या हातात अधिकार म्हणावा असं काही नव्हतं. बाकीच्यांसारखीच डोक्यावरून पाठीवर पिशवी सोडून ती पानं खुडायची. नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. घरात ती आणि मुलगी तर्शिका, दोघीच.

खुडणाऱ्या बायकांना दिवसाला अठरा किलो पानं भरावी लागतात. कमी भरली की अर्ध्याच दिवसाची मजुरी मिळते. एखादीला ताप असायचा, एखादीचं तान्हं रात्रभर रडलेलं असायचं, तिचा हात चालायचा नाही. अशा वेळी वजनाच्या काट्याकडे जाताना वाटेत वीरायी तिची पिशवी ओढून घ्यायची, आपल्यातली दोन मुठी टाकायची आणि पुढे ढकलायची. मागची बाई तसंच करायची, तिच्या मागचीही. काट्यापाशी पोचेस्तोवर त्या आजारी बाईचे अठरा किलो झालेले असत. मुकादमाला हे दिसत होतं. तो दुसरीकडे बघायचा, कारण त्याच्या बायकोचं बाळंतपणही वीरायीनंच केलं होतं.

मळ्यातली शाळा पाचवीपर्यंत होती. पुढचे वर्ग वाढवून मिळाले, पण खोल्या नव्हत्या. तेव्हा पुष्पनाथन मास्तर चाळीत आले आणि हात जोडून उभे राहिले. रविवारी कामाला किती हात येतील ते वीरायीनं मोजलं. सहा रविवारांत बायकांनी ओढ्यातली रेती डोक्यावरून वर आणली, पुरुषांनी भिंती उभ्या केल्या. त्याच खोल्यांतून शिकून तर्शिका पुढे शहरातल्या शाळेत गेली आणि बारावीची मोठी परीक्षा पास झाली. तीन नंबरमध्ये ती पास होणारी ही पहिलीच मुलगी. तिला शिक्षिका व्हायचं होतं. मास्तरांनी अध्यापक विद्यालयाचा अर्ज स्वतः भरून दिला. पत्त्याच्या जागी लिहिलं, के. तर्शिका, तीन नंबर विभाग, स्ट्रॅथवेल मळा. याहून जास्त लिहिण्यासारखं काही नव्हतंच. चाळीतल्या खोल्यांना नंबर नव्हते.

मळ्यात पोस्टमन फिरत नाही. सगळी पत्रं एका पिशवीतून मळ्याच्या कचेरीत येतात आणि तिथला कारकून ती सवडीनं वाटायला देतो. तर्शिकाला बोलावणं आलं ते बारा तारखेच्या मुलाखतीचं. पत्र तिच्या हातात पडलं सोळा तारखेला.

तिनं ते उभ्या उभ्या वाचलं, मग खाली बसून पुन्हा वाचलं. वीरायीला अक्षरं फारशी येत नव्हती, पण पोरीच्या तोंडाकडे बघूनच तिला उमजलं. ती तशीच, चिखलाच्या पायांनी, कचेरीत गेली.

कारकून शिवलिंगम वाईट माणूस नव्हता. त्यानं खुर्ची पुढे केली. वीरायी बसली नाही. त्यानं टेबलावरचे कागद उगाच सारखे केले.

"अक्का, या मळ्यात तर्शिका नावाच्या चार पोरी आहेत. कुणाची, ते कळेना. म्हटलं, कुणी विचारायला आलं की देऊ. मग दोरै वजनाचे हिशेब मागायला लागले आणि ते खालीच राहिलं."

दोरै म्हणजे मळ्याचा साहेब. त्याच्याकडे जायची वीरायीनं विनंती केली. शिवलिंगम आत जाऊन आला. साहेबांचं म्हणणं असं की पत्रं वाटणं हे मळ्याचं काम नाही, ते आम्ही लोकांच्या सोयीसाठी करतो. तेही खरंच होतं. वीरायी आल्या पावली परत फिरली.

संध्याकाळी तिच्या दारात निम्मी चाळ जमली. जो तो आपल्याला काय करता येईल ते सांगू लागला. मजूर संघटनेचा तलैवर, म्हणजे पुढारी, मुनियांडी म्हणाला, मी छापील कागदावर पत्र लिहितो. मास्तर म्हणाले, मी शिक्षण खात्याच्या कचेरीत फोन लावतो. मुकादमानं सगळ्यांना सुट्टी द्यायची कबुली दिली. पन्नाशीची सेल्लायी, जिच्या पिशवीत वीरायीनं वर्षानुवर्षं पानं टाकली होती, ती म्हणाली, मी बोलणार नाही काही, पण बरोबर येते. म्हणता म्हणता नऊ माणसं तयार झाली.

मास्तरांचा फोन लागला, पण उचलणाऱ्यानं सिंहलीत सांगितलं की संबंधित साहेब रजेवर आहेत. म्हणून सोमवारी पहाटेच्या बसनं सगळे त्या कचेरीकडे निघाले. नऊ माणसं, वीरायी आणि तर्शिका. धुऊन ठेवलेल्या साड्या, तलैवराचा पांढरा शर्ट, मास्तरांची छत्री, आणि सेल्लायीच्या पिशवीत अकरा जणांची रोटी नि नारळाची चटणी. बसमध्ये वीरायीला बरं वाटत होतं. एवढी माणसं आपल्या पाठीशी आहेत, कचेरीतले ऐकतीलच, असं तिला वाटलं.

फाटकावरच्या रखवालदारानं मायलेकींनाच आत सोडलं. मास्तर आत यावेत म्हणून वीरायीनं विनवलं, तेव्हा कुठे तिघं झाली. बाकीची आठ माणसं रस्त्यापलीकडे सुरूच्या झाडाखाली बसली.

आत लांब व्हरांडा होता. बाकावर आणखी एक मुलगी बसली होती, शहरातली, मामाबरोबर आलेली. तापामुळे तिचीही बारा तारीख चुकली होती. दोघी मुली आपापसात बोलल्या, गुण विचारले. तर्शिकाचे तिच्यापेक्षा थोडे जास्तच निघाले. मग त्या मामांनी खिशातून फोन काढला. ओरडून नाही, अगदी हळू आवाजात बोलले. आपण कुणाचे जावई, हे सांगितलं, समोरच्याच्या मुलीच्या लग्नाची चौकशी केली आणि फोन ठेवला. पाव तासानं शिपाई आला आणि मामा-भाचीला आत घेऊन गेला. लाच नाही, दमदाटी नाही. माणूस माणसाला ओळखत होतं, एवढंच. वीरायीला त्यात काही वावगं दिसेना. तीही आयुष्यभर हेच करत आली होती.

यांची पाळी दुपारी आली. टेबलामागच्या बाईंना तमिळ मोडकंतोडकं येत होतं. त्यांनी तलैवराचं पत्र वाचलं, मास्तरांचं म्हणणं ऐकून घेतलं, उशिरा मिळालेलं पत्र उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाल्या की यादी वर गेली आहे. पुढच्या वर्षी पुढच्या परीक्षेची मुलं घेतात, मागची नाही.

मास्तर म्हणाले, "त्या मुलीला आत्ताच आत घेतलंत, मॅडम."

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं नाही. त्या वीरायीकडे बघून, जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "अम्मा, ते वरून सांगून आलं. तुम्हाला इथे कोण ओळखतं? कुणाचं तरी नाव सांगा, मी वर विचारून बघते."

वीरायी विचारात पडली. तिला नावं भराभर आठवू लागली. सेल्लायी, मुनियांडी, मुकादम, वरच्या चाळीतला शिंपी, देवळातला पुजारी, लॉरीवाला. साठ घरांतल्या प्रत्येकाचं नाव, त्यांच्या पोरांची नावं. त्यातलं एकही इथे सांगण्यासारखं नव्हतं. तिनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर छत्रीची मूठ चोळत होते.

"आमच्या इथे सगळेच ओळखतात मला," ती म्हणाली.

बाईंनी मान हलवली आणि पत्र परत दिलं.

बाहेर आल्यावर आठही जण उभे राहिले. तलैवरानं उगाच एकदा आत जाऊन येतो म्हटलं, रखवालदाराशी हुज्जत घातली आणि परत आला. सेल्लायीनं रोट्या वाढल्या. तर्शिकानं आपली रोटी तशीच हातात धरून ठेवली. परतीच्या बसमध्ये ती आईच्या शेजारी न बसता मागे खिडकीपाशी जाऊन बसली.

पुढचे दोन महिने चाळीनं तिच्यासाठी जे जमेल ते केलं. कुणी अंडी आणून दिली, कुणी देवळात नवस बोलला. मास्तरांनी वर तीन अर्ज पाठवले. एकाचंही उत्तर आलं नाही. तर्शिका दिवसभर खोलीत पडून असायची. मग सेल्लायीच्या भाचीचा कोलंबोहून फोन आला. ती तिथल्या वेल्लवत्ते भागातल्या एका कापडदुकानात होती, तिथे एक जागा रिकामी झाली होती. भाचीनं शब्द टाकला, वरच्या चाळीतल्या आणखी एकीनं राहायची सोय बघितली, लॉरीवाल्यानं ट्रंक नेऊन पोचवली. सगळं दोन दिवसांत जुळलं. अर्ज नाही, पत्ता नाही, मुलाखत नाही. तीन नंबरच्या माणसांना जी दारं माहीत होती, ती अशी लगेच उघडायची.

वीरायीला नको म्हणायचं होतं. पण ज्या बायकांनी एवढी धडपड केली त्यांना नको कसं म्हणायचं, आणि नको म्हणून दुसरं काय करायचं, हे तिला कळेना. तिनं शेवटी पोरीलाच विचारलं, तुला जायचंय का.

"इथं राहिले तर उद्या मलाही पिशवी बांधावी लागेल," तर्शिका म्हणाली. "जाऊ दे, अम्मा."

त्यानंतर मास्तरांनी एक गोष्ट केली. परीक्षेला बसणाऱ्या मुलांनी अर्जावर शाळेचा पत्ता घालावा, असं ठरवलं आणि शाळेची पत्रं मळ्याच्या कचेरीत न जाता थेट शाळेकडे यावीत अशी शहरातल्या पोस्टात स्वतः जाऊन नोंद करून आले. वीरायीनं घरोघर जाऊन हे सगळ्यांना समजावून सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. तिचं ऐकतात सगळे. सांगून झाल्यावर ती घरी आली आणि तिनं चूल पेटवली नाही.

पोंगलच्या सणाला तर्शिका चार दिवसांसाठी आली. पायांना सूज होती. दुकानात दिवसभर बसू देत नाहीत. शेजारच्या दोन लहान मुली वह्या घेऊन दारात उभ्या राहिल्या, अक्का गणित शिकवील म्हणून. वीरायीनं लेकीला हळूच विचारलं, जरा बघतेस का गं यांचं.

"मला झोपू दे, अम्मा," असं म्हणून तिनं भिंतीकडे तोंड केलं.

बघायला आलेल्या बायकांची दारात रीघ लागली होती. वीरायी उंबऱ्यावर बसून राहिली आणि येईल तिला खालच्या आवाजात सांगत राहिली, पोर दमून आलीय, उद्या या.